आबांची कॅपिटल अक्षरं

माझे वडील भिकाजी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रेल्वेत रंगारी होते. लोणावळ्यापासून बेगडेवाडीपर्यंत स्टेशनांच्या पाट्या त्यांनी तीस वर्षं रंगवल्या. इंग्रजी बोलता येत नाही, पण कॅपिटल अक्षरं अशी काढायचे की साहेब पट्टी लावून बघायचा आणि पट्टी खिशात घालून निघून जायचा. ड्युटीवर हे भिकाजी, आणि आमच्या भाजे गावात पाय ठेवला की ‘ए भिक्या’. बांधावरची, शेतमालकांची शेंबडी पोरंसुद्धा हाक मारायची, आणि त्यांचे बाप ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. म्हणूनच आबा आजही शेजारच्या दोन वर्षांच्या पोरीला पूर्ण नावानं हाक मारतात.

माझी आई हिरा. भातलावणीत वाकल्या वाकल्या गाणी जुळवायची. यंदा लोणावळ्याच्या विक्कीनं तिची आठ गाणी त्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड केली. त्यातलं एक तिच्या आईवरचं, ‘माझी आई यमुनाबाई’. परवा विक्कीनं अल्बमचं कव्हर फोनवर पाठवलं. सगळी नावं इंग्रजीत, आणि सगळी बारीक अक्षरांत. औषधालासुद्धा एक कॅपिटल नाही. खाली त्याच्या स्टुडिओचं नाव मात्र ठसठशीत कॅपिटलमध्ये, वर उद्गारचिन्हाचा तोरा. संध्याकाळीच नेटवर चढवतो, मग बदल होणार नाही, असा निरोपही होता. माझं डोकंच फिरलं.

आबांनी चष्मा लावून कव्हर पाहिलं, चष्मा खिशात ठेवला आणि पायात चपला घातल्या. आम्ही तिघं लोणावळ्याला गेलो.

“आबा, आजकाल असंच असतं,” विक्की हसला. “फॅशन आहे. कूल दिसतं.”

“जाऊ द्या की,” आई म्हणाली. “गाणं तर माजंच हाय.”

आईचं हे ‘जाऊ द्या’ ऐकत मी लहानाची मोठी झाले. मला त्याची मनापासून चीड आहे.

“विक्रमराव,” आबा म्हणाले. सगळं लोणावळं त्याला विक्की म्हणतं. “मग तुमच्या स्टुडिओचं बी बारीक करा.”

“ते कसं करणार आबा? ते नाव आहे.”

“मग हे काय हाय?” आबांनी यमुनाबाईवर बोट ठेवलं.

विक्कीनं सगळी अक्षरं कॅपिटल केली, आणि आम्हाला खूश करायला प्रत्येक नावापुढं एकेक उद्गारचिन्ह ठोकलं. आबा आणखीच भडकले.

“त्या काठ्या काढा आधी. पाटीवर नसत्यात त्या. स्टेशनाला आपलं नाव बोंबलून सांगावं लागत न्हाई.”

काठ्या निघाल्या. आईला वाचता येत नाही. ती स्क्रीनजवळ सरकली.

“ह्यात माजी आई कुटं हाय?”

आबांनी तिचं बोट धरलं आणि एकेका अक्षरावरून सावकाश फिरवलं. “हितून हितपर्यंत.”

आईनं बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं. “जन्मभर तिला बांधावरनं ‘यमे’च म्हणायचे.”

“आता म्हणून दाखवा म्हणावं,” आबा म्हणाले.