प्लेगची गोष्ट लिहायला बसलो तेव्हा

हसायचं ते शेवटी हसा, एवढंच मागणं आहे. कारण त्या दिवशी मी अशी काही माती खाल्ली की आमची अख्खी आळी घरदार सोडून रानात जाऊन बसली! आणि मी? थांबा, चहा घ्या आधी. नीट सांगतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी तेव्हा निर्णा नावाच्या गावात शाळेवर मास्तर होतो. शाळेत उर्दूत शिकवायचं, भाजी कन्नडात घ्यायची, बायकोशी मराठीत भांडायचं आणि उरलेल्या मराठीत गोष्टी लिहायच्या. सोलापूरकडच्या एका मासिकात माझं काहीबाही छापूनही आलं होतं. झालं! डोक्यात हवा गेली. म्हटलं, आता एक दणदणीत गोष्ट लिहायची. प्लेगची!

पण प्लेग मी ऐकलेला, पाहिलेला नाही. म्हणून वाचन सुरू केलं. दवाखान्यातून उर्दूतलं सरकारी चोपडं आणलं, एका वैद्यांकडून रोगांवरचं जाडजूड मराठी पुस्तक आणलं. उठता बसता प्लेग! दवाखान्यातले कंपाउंडर हमीदमियां दिसले की मी त्यांना रस्त्यात गाठायचो.

"हमीदमियां, गाठ आधी काखेत येते का जांघेत?"

"कहीं भी आती साब."

"केवढी? लिंबाएवढी का सुपारीएवढी?"

हमीदमियां माझ्याकडं बारीक डोळे करून बघायचे. "मास्टरसाब, घर में सब खैरियत है ना?"

किराणा दुकानात गेलो की मी विचारायचो, "काय हो, पोत्यांमागं मेलेला उंदीर सापडला का एवढ्यात?" आता सांगा, भरल्या दुकानात असं कुणी विचारतं का? पण मी विचारलं. चारचौघांत विचारलं.

वाचन झालं, पण लिहिणं होईना. आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दार एक, गजांची खिडकी एक, आणि समोर शरणप्पा अण्णांचा कट्टा. मी दौतीत टाक बुडवला की अण्णा हाक मारणार, "मास्तर, काय करायलाव?" लिहायलोय म्हटलं की म्हणणार, "मग काय, मोकळेच हाव की! या, बसा." ते गेले की त्यांची बायको गौरक्का मिरच्या कांडायला बसणार. आळीभर ठसका! तो ओसरतो न ओसरतो तोच आतून आमची घरधनीण, "अहो, आमटीत मीठ बघता का जरा?"

शेवटी मी एक युक्ती काढली. स्वतःवर बेहद्द खूश होऊन बायकोला म्हटलं, "उद्या शुक्रवार, शाळेला सुट्टी. तू बहिणीकडं पापड लाटायला जाणारच आहेस. जाताना बाहेरून कुलूप लाव! कुलूप बघून कुणी हाक मारणार नाही."

"आन् तुम्हाला काय लागलं तर?"

"मला एकांत लागतो! दुसरं काही लागत नाही."

ती डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन भल्या सकाळी निघाली. कुलूप खटकन लागलं. मी खिडकी लावून घेतली, कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि लिहायला बसलो.

काय सांगू तो आनंद! हाक नाही, ठसका नाही. गोष्ट सरसर पुढं जायला लागली. उंदीर पडला, पहिला माणूस तापानं फणफणला, आणि मग गाव सोडून लोक निघतात तो प्रसंग आला. तिथं मात्र मी अडलो. माणसं निघताना काय बोलतात? काय घेतात, काय विसरतात? सुचेना म्हणजे सुचेना. लिहायचो, खोडायचो. डोकं दुखायला लागलं, घसा कोरडा पडला.

वैतागून कापूस काढला. बाहेर चिटपाखरू बोलेना!

आधी बरं वाटलं. मग चमत्कारिक वाटलं. भरदिवसा आमची आळी गप्प? मी खिडकी उघडली. घराघराची दारं बंद. चुली थंड. गोठ्यात बैल नाहीत. अण्णांच्या कट्ट्यावर एक कोंबडी तेवढी फिरत होती. काय झालं या गावाला?

तेवढ्यात तोंडाला धोतराचा सोगा लावून स्वतः शरणप्पा अण्णा घाईघाईनं घरातून बाहेर आले. काखेत लोणच्याची बरणी.

"अण्णा!" मी ओरडलो.

अण्णा जागच्या जागी उडाले. "मास्तर? तुम्ही आत हाव?"

"मी आतच आहे! लोक कुठं गेले?"

"रानात! गावात पिलेग आलाय न्हवं!"

मी गजांना नाक लावून विचारलं, "कुणी सांगितलं?"

"सांगायला कामून पायजे? तुम्ही महिनाभर उंदरं इचारायलाव. आज वैनी गाठोडं घेऊन गेल्या, दाराला कुलूप. शिकलेला मानूस मुकाट्यानं पळाला म्हंजे आम्ही काय समजावं?" बोलता बोलता ते थबकले. माझ्याकडं नीट बघितलं आणि चार पावलं मागं सरकले. "आरं देवा. म्हंजे वैनीनं तुम्हाला कोंडून ठिवलंय व्हय!"

"अहो, मीच सांगितलं तिला कोंडायला!"

"अरारारा," अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई मोठ्या मनाचा मानूस."

"मला काही झालेलं नाही! मी प्लेगची गोष्ट लिहायलोय!"

"ताप डोक्यात चढलाय. बडबडायलाय." असं स्वतःशीच म्हणत अण्णांनी बरणी सावरली. "भिऊ नका, हमीदमियांला धाडतो!" आणि पळाले. त्या वयात तसं पळणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

आता खरं सांगतो, इथवर मला हसू येत होतं. पण अण्णा गेले आणि घर परत गप्प झालं. डोकं दुखत होतंच. घसा कोरडा होताच. मी आरशात जीभ काढून बघितली. पांढरी! डोळे? लाल! पुस्तकात काय लिहिलं होतं? हेच! मी हळूच सदऱ्यात हात घातला. उजव्या काखेत नाही. डाव्या काखेत...

गाठ.

सुपारीएवढी. दाबली की कळ मस्तकात जात होती.

मी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. महिनाभर दवाखान्यात येरझाऱ्या घातल्या, तिथूनच आणलं असणार. आणि मग आठवलं की सकाळी हीसुद्धा म्हणत होती, "कपाळ ठणकायलंय जरा." मी लिहिण्याच्या नादात हुं म्हणून सोडून दिलं होतं. आता ती तिकडं बहिणीच्या लेकराबाळांत बसली असेल. उठून तिच्याकडं धावावं, तर दाराला कुलूप. आणि धावायचं तरी कसं, ही काख घेऊन? दार धडाधडा ठोकलं. ऐकायला होतं कोण? ती कोंबडी!

किती वेळ तसा बसलो होतो देव जाणे. खिडकीशी हमीदमियांचा आवाज आला. नाकाला रुमाल. त्यांच्यामागं बऱ्याच अंतरावर पाटील, आणि पाटलांच्याही मागं अण्णा.

"मास्टरसाब, हात ऊपर करो. खिडकी के नजदीक आओ."

मी सदरा काढून गजांशी उभा राहिलो. हमीदमियांनी मान वाकडी करून बघितलं. मग रुमाल खाली केला. मग हात आत घालून गाठ अशी दाबली की मी किंचाळलो. ते ऐकून पाटील चार हात मागं गेले, अण्णा पार कोपऱ्यापर्यंत.

"मास्टरसाब," हमीदमियां म्हणाले, "ये तो केसतूड है! दो रोज में फूट जाता. सुबह से कुछ खाए?"

"नाही."

"पानी पिए?"

"नाही."

"तो सर दुखेगा नहीं तो क्या नाचेगा?"

तेवढ्यात ही पापडाचं गाठोडं घेऊन आली. ओस आळी, दारात पाटील, खिडकीत नवरा उघडा! तिनं गाठोडं तिथंच टाकलं आणि जो हंबरडा फोडला, की मलाच क्षणभर वाटलं, मी गेलो. रडत रडतच तिनं कुलूप काढलं. मी धडधाकट आहे हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता मी कोंडून घेते. तुम्ही बाहेर ऱ्हावा."

पाटलांनी मला सोडलं असं समजू नका. त्याच पावली मला रानात नेलं आणि प्रत्येक खोपटासमोर उभं करून बोलायला लावलं, "प्लेग नाही. मी गोष्ट लिहीत होतो." बायका पदरात तोंड खुपसून खिदळत होत्या. एक म्हातारा तर म्हणाला, "काख दाखवा, मगच विश्वास बसंल." दाखवली! काय करणार?

गौरक्का मात्र भडकलेली. "घाईघाईत जातं उचलून आनलं, आन् ज्वारी घरीच ऱ्हायली! आता ह्या जात्यात काय दळू, तुमची गोष्ट?"

अहो, काय वाक्य! सकाळपासून मी हेच शोधत होतो! माझा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. तो गौरक्कानं बघितला. तिनं माझ्याकडं असं काही पाहिलं, की पेन्सिल खिशातच राहिली आणि मी मुकाट्यानं ते जातं उचलून गाडीत ठेवलं.

गाड्या गावाकडं वळल्या. शरणप्पा अण्णा माझ्या शेजारी बसले होते, अगदी खेटून. वेस दिसायला लागली तसे म्हणाले, "मास्तर, एक इचारू? फुडची गोष्ट कशावर लिव्हनार हाव?"

माझा ऊर भरून आला. एवढं होऊनही माणसाला साहित्याची गोडी लागली म्हणायची!

"का हो अण्णा?"

"न्हाई, म्हंजे आगीवर असंल तर आधी सांगा. कडबा घरात भरायचा का रानातच ठिवायचा, तेवढं ठरवायला बरं!"