हळदीच्या काट्यावरचं वजन

सर्जेराव तराजूच्या पारड्यात उकिडवा बसला. दुसऱ्या पारड्यात आम्ही साताऱ्याहून आणलेली पौंडाची मापं होती. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पारडं थोडा वेळ जमिनीवरच राहिलं, मग सावकाश उचललं गेलं.

"पास," मी म्हणालो.

जागा होती सांगलीतल्या एका हळदीच्या अडतीची. मोठा काटा तिथंच होता. पोती तोलायच्या पारड्यात बसून आमचे सगळे बॉक्सर मागून पिवळे होत होते. हमाल हसत होते.

"हळद लागली की रं. लगीन कवा?"

"तुमी पोरगी दावा, उद्याच करतो," कुणीतरी उत्तर दिलं.

सर्जेराव हसला नाही. हसण्याइतकं पाणी त्याच्या अंगात नव्हतं, आणि ते का नव्हतं हे त्या अडतीत फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं.

लढाई चालू होती. साताऱ्याजवळच्या आमच्या सेंटरमध्ये मी हवालदार होतो आणि रंगरुटांना पीटी आणि बॉक्सिंग शिकवत होतो. सांगलीला भरतीच्या प्रचारासाठी आमच्या दोन कंपन्यांचे सामने ठेवले होते. लोकांसाठी ती करमणूक होती, पण पोरांसाठी नव्हती. प्रत्येक वजनातला जिंकणारा सेंटरमध्येच पीटी स्टाफ म्हणून राहणार होता. बाकीचे पुढच्या ड्राफ्टबरोबर, म्हणजे आघाडीवर निघणाऱ्या तुकडीबरोबर, ब्रह्मदेशात जाणार होते.

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. वेल्टरवेट हा त्यातला एक. त्यात दहा स्टोन सात, म्हणजे एकशे सत्तेचाळीस पौंडांपर्यंतचा माणूस चालतो, उंची कुणी विचारत नाही. वजन लढतीच्या दिवशी सकाळी घ्यायचं, असा आमचा रिवाज होता. त्याला कारण आहे. अंगातलं पाणी आटवून माणूस एका दिवसापुरता हलका होऊ शकतो. पण त्याच दिवशी लढायचं असेल तर त्याच्या पायात जोर राहत नाही, म्हणून कुणी त्या भानगडीत पडत नाही.

सामन्याच्या दोन दिवस आधी आम्ही सगळे सांगलीत आलो आणि काटा ठरवायला मी अडतीत गेलो. अडत्या म्हणाला, "हवालदारसाहेब, सामन्याच्या सकाळी आमचा सौदा हाय. काटा मिळायचा न्हाई. आदल्या दिशी उरका की."

मी कॅप्टनसाहेबांना तसं सांगितलं. साहेब इंग्रज होते, बॉक्सिंग बघायची हौस होती, खोलात माहिती नव्हती. त्यांनी विचारलं, "एक दिन पहले? कुछ फर्क पड़ेगा?"

"नहीं साब," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांमागे सर्जेराव होता. तो कऱ्हाडजवळचा, माझ्या मामाच्या गावचा. घरचा ऊस होता, पोटासाठी फौजेत येण्याची गरज नव्हती. थोरला भाऊ आधी लढाईवर गेला होता आणि त्याच्या मरणाची तार आली होती. मी सुट्टीवर गेलो तेव्हा त्याची आई उंबऱ्यात बसून म्हणाली होती, "आवं, ह्याला तेवढा तुमच्या नजरंखाली ठिवा." सर्जेराव सहा फुटी गडी. त्याचं खरं वजन मिडलवेटचं, म्हणजे वरच्या गटातलं. त्या गटात एक तयार बॉक्सर होता, त्याच्यापुढं सर्जेराव टिकला नसता. खालच्या गटात मात्र नक्की जिंकला असता.

साहेब हो म्हणताच मी त्याचं पाणी पिणं बंद केलं. दोन घोंगड्या पांघरून नदीकाठी पळवलं. मग एका गुऱ्हाळात नेलं. रस आटवायच्या कढईखालचं चुलवाण धडधडत होतं. चुलवाणाच्या तोंडाशी त्याला बसवला. गुळव्या म्हणाला, "ह्याला काय ताप आलाय व्हय? का ह्याचाबी गूळ करायचा हाय?" सर्जेरावच्या पोटऱ्यांना गोळे येत होते. "उस्ताद, पुरं," तो म्हणाला. मी त्याला उठू दिलं नाही.

वेल्टरवेटमध्ये त्याच्यासमोर होता बिरू. आटपाडीकडच्या धनगराचा पोर, बुटका, रुंद छातीचा, पायांनी चपळ. तो माझ्याच कंपनीचा होता, सर्जेराव दुसऱ्या. मीच त्याला उंच माणसाशी कसं लढायचं ते शिकवलं होतं. हाताखालून आत शिरायचं, छातीला चिकटायचं आणि बरगडीत मारायचं. काट्यावर बिरूचं पारडं झटकन वर गेलं, सकाळी दोन भाकरी खाऊन आला होता तरीही.

त्यानं सर्जेरावकडे मान वर करून पाहिलं. "उस्ताद, ह्यो माज्या जोडीचा हाय व्हय?"

"काट्यानं सांगितलं न्हवं?"

"आमच्याकडं जत्रंत पंच दोघास्नी शेजारी हुबं करत्यात. दंड चाचपत्यात. न्हाई पटलं तर पैलवान सरळ म्हनतो, जोड न्हाई. त्याला कोन हासत न्हाई."

"ही कुस्ती न्हाई बिरू. इथं काट्याचं ऐकायचं."

तो सदरा चढवून बाजूला झाला. उस्तादाच्या शब्दापुढं तो कधी बोलत नसे.

त्या संध्याकाळपासून सर्जेराव पाणी, ताक, भात घेत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याच्या गालांवर पुन्हा मांस दिसत होतं. मी नियमाप्रमाणे बिरूच्या कोपऱ्यात उभा होतो. पाणी आणि टॉवेल माझ्याकडे.

पहिली राउंड बिरूची झाली. तो शिकवल्याप्रमाणे आत शिरला आणि बरगडीत दोन चांगले बसवले. लोक ओरडले. दुसऱ्या राउंडमध्ये सर्जेराव त्याला धरून अंगावर रेलू लागला. याला क्लिंच म्हणतात. त्यात जड माणूस नुसता रेलला तरी हलक्याचे पाय भरून येतात. घंटा झाल्यावर बिरू स्टुलावर बसला.

"उस्ताद, ह्यो कालचा गडी न्हाई. लय जड हाय. रेलला की गुडघं वाकत्यात."

मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "बोलू नको. दम राख."

"खरं सांगतोय वं. पुन्यांदा तोला म्हनावं."

तेव्हा मी हात वर करून पंचांना बोलावू शकलो असतो. सौदा दुपारपर्यंत उरकला होता, काटा मोकळा होता. मी टॉवेल पिळला आणि त्याला उठवलं. तिसऱ्या राउंडमध्ये बिरू दोनदा खाली गेला आणि दोन्ही वेळा उठला. निकाल सर्जेरावच्या बाजूनं गेला.

कॅप्टनसाहेब कोपऱ्यात आले. "क्या हुआ तुम्हारे आदमी को?"

"दम कम पड़ा साब," मी म्हणालो. बिरू शेजारीच ग्लोव्हज सोडत होता. त्याला तेवढं हिंदुस्थानी कळत होतं.

सर्जेराव सेंटरमध्ये राहिला, पुढं चांगला इन्स्ट्रक्टर झाला. त्याच्या आईनं मला गुळाची ढेप पाठवली. ती मी खाल्ली. बिरू ड्राफ्टबरोबर गेला आणि लढाई संपल्यावर एका पायानं लंगडत परत आला.

एकोणपन्नास साली विट्याच्या बाजारात तो मला भेटला. बकरी विकायला आला होता. त्यानं मला हॉटेलात नेऊन चहा पाजला. लहान भावाचा विषय निघाला. भावाला तालमीत जायचं होतं, बिरूनं जाऊ दिलं नव्हतं.

"का रं?"

"आमच्या घरात दम न्हाई उस्ताद. तुमीच म्हनला हुता की. उगा हाडं कशाला मोडून घ्यायची त्यानं?"

मी कप खाली ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. चुलवाण, घोंगड्या, आदल्या दिवशीचं वजन. त्यानं बशी बाजूला सारली.

मग म्हणाला, "म्हंजी तवा जड हुता त्यो."

"व्हय."

"हे मला काय सांगताय? मला तवाच कळलं हुतं, तुमी म्हनलासा म्हनून खोटं वाटलं. साहेबाला सांगायचं हुतं. त्या ड्राफ्टातल्या पोरांस्नी सांगायचं हुतं, ती मला वाटंभर बिनदमाचा म्हनून हिणवत हुती."

त्यानं चहाचे पैसे दिले आणि बकऱ्यांकडे गेला. त्याच वर्षी त्याचा भाऊ तालमीत जाऊ लागला, एवढं पुढं कळलं.

साहेब विलायतेला गेले. ड्राफ्टातली पोरं कुठं कुठं पांगली. त्यांना सांगायला मी गेलो नाही. आता बिरूही नाही आणि सर्जेरावही नाही. त्या ड्राफ्टातला कुणी अजून असेल तर त्याच्यासाठी हे लिहिलं.

मला अजूनही लोक विचारतात की उंच, लांब हाताच्या माणसाला बुटक्याशी लढवणं हा अन्याय नाही का. नाही. उंची ज्याची त्याची असते, आणि तिच्यावर उतारा शिकवता येतो. मी तो बिरूला शिकवला होता आणि पहिल्या राउंडमध्ये तो लागूही पडला होता. पण काट्यावर एक आणि रिंगमध्ये दुसराच माणूस उतरला तर शिकवलेलं कामाला येत नाही. पुढं पंच म्हणून मी जिथं जिथं गेलो तिथं वजन लढतीच्या सकाळीच घेतलं, आणि कोपऱ्यातून कुणी म्हणालं की समोरचा जड वाटतोय, तर पुन्हा तोललं. बहुतेक वेळा तक्रार खोटी निघाली. पाच मिनिटं गेली, दुसरं काही गेलं नाही.