कार्बोरेटरच्या बुडाशी केसाएवढी चीर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून माझा चहाचा चौथा कपसुद्धा लपत नाही, पण ही गोष्ट सहा वर्षं लपली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही. धीट असतो तर ज्याला सांगायला हवं त्यालाच सांगितलं असतं — नाही का?

अकोल्यात माझं गॅरेज आहे. माझं असं आता म्हणतो. तेव्हा ते रशीदचाचांचं होतं आणि मी त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काढली होती. आयटीआयचं सर्टिफिकेट माझ्याकडे, विद्या त्यांच्याकडे. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "तिसऱ्याचा वॉल कडक हाय," असं म्हणायचे, आणि खोलून पाहिलं की तिसऱ्या सिलिंडरचाच व्हॉल्व्ह निघायचा. लोक लांबून गाड्या आणायचे ते या कानांसाठी. मला त्याचा अभिमान होता. थोडं टोचायचंही — आता लपवून काय करू?

डोळे मात्र त्यांचे अधू झाले होते. मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की चाचा विषय बदलायचे. त्यांचा एक नियम होता : ज्यानं नट कसला त्यानं तो तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. पण गॅरेजात आम्ही दोघंच, त्यातल्या एकाला दिसेना. मग नियम पाळणार कसा? कसणारा मीच आणि तपासणाराही मीच, असं झालं होतं.

मोर्शीच्या राऊत सरांनी वडिलांचा जुना ट्रक आणला. लाकडी केबिनचा, पेट्रोलवर चालणारा, शेंदूरजनाघाटची संत्री वाहून म्हातारा झालेला. सर मास्तरकीतून रिटायर झाले होते. आईला एकदा त्यात बसवून गावातून फिरवायचं, एवढीच त्यांची हौस. आम्ही इंजिन खोललं, धुतलं, पुन्हा बांधलं. प्लग आणि ठिणगीचे पॉइंट चाचांनी बसवले. कार्बोरेटर मी बसवला. चाचांनी बजावलं होतं, दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे कस, जुन्या धातूत दम नसतो. मी लांब पाना लावला आणि एक नट एकदमच आवळला. घाई कसली होती? कसलीच नाही. कट् असा बारीक आवाज आला. तो ऐकू आलाच नाही, असं मी ठरवून टाकलं.

इंजिन सुरू झालं, पण रेस सोडली की मिसिंग, मधले ठोके गाळायचं. सगळा ट्रक हिवताप भरल्यासारखा हुडहुडायचा. रेस दिली की आधी गुदमरायचा, मग कशीबशी उचल घ्यायचा. चाचांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला — इंजिन लगेच शांत चालायला लागलं. हात काढला, पुन्हा हुडहुडी.

"हवा पिऊन राह्यलं हे कुठूनतरी," चाचा म्हणाले. "बुडाशी पाय बरं, प्रकाश. बॅटरी लावून पाय. मले तं काई दिसत नाई."

मी वाकलो, बॅटरी लावली. चीर दिसली. केसाएवढी, पेट्रोलनं ओली. सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक शिवी आणि मग चहा. पण राऊत सर शेजारी उभे होते, आणि त्यांच्या नजरेत मी आयटीआयवाला हुशार माणूस होतो.

"नाई चाचा," मी म्हणालो. "तिथं काईच नाई."

पुढचे दोन दिवस त्या माणसानं काय काय नाही केलं! प्लग बदलले, वायरी बदलल्या, वॉल पुन्हा सेट केले. दर वेळी फिरून कार्बोरेटरपाशी यायचे, मान तिरकी करायचे आणि मी उगाच पाने आवरायला घ्यायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! एकदा पुटपुटले, "आवाज तं इथूनच येऊन राह्यला. पण तू म्हन्तं तं नसन." माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून ते आपल्या कानांना खोटं पाडत होते.

शुक्रवारी ते नमाजाला गेले. मी कार्बोरेटर उतरवला, चिरेत धातू सांधायचा मसाला भरला, वाळू दिला आणि परत चढवला. ते आले तेव्हा ट्रक लोण्यासारखा चालत होता. कुठं होतं रे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पॉइंटची गॅप चुकली होती.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तोंडात आलं ते बोलून गेलो. तसं नाही. मी विचार करून बोललो होतो. पॉइंट त्यांनी बसवले होते. चूक माझी होती आणि ती मी त्यांच्या पदरात टाकली — चीर लपवण्यापेक्षा हे वाईट, आणि मला सांगायचं होतं ते हेच.

चाचांनी राऊत सरांपुढे हात जोडले. "माफ करा सर, गलती माही होती. आता डोयेबी गेले अन् कानबी." सर बिचारे संकोचून "अहो, असू द्या चाचा" म्हणत राहिले. मी तिथेच हात पुसत उभा होतो. हात कधीचेच स्वच्छ झाले होते.

त्यानंतर चाचांनी कुठल्याही इंजिनला कान लावला नाही. कोणी आलं की म्हणायचे, "प्रकाशले इचारा." चार महिन्यांनी गॅरेज माझ्या हाती दिलं आणि ते मूर्तिजापूरला मुलाकडे राहायला गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी ठेवू दिला.

दर ईदला मी जातो. यंदाही गेलो. आम्ही ओसरीवर बसलो होतो, गल्लीत एक ऑटो चालू इंजिनवर उभा होता. चाचांची मान जरा वळली. ऐकत राहिले. मग माझ्याकडे तोंड करून, परीक्षेतल्या पोरासारखं चाचरत म्हणाले, "मले हे मिसिंग वाटून राह्यलं. नसन, नाई का? माह्या कानाचं काय खरं."

ऑटो मिसिंगच मारत होता. मी रिकामी वाटी पुढे केली आणि म्हणालो, चाचा, थोडा शिरखुर्मा अजून मागवा.