आचाऱ्याची जीभ

गव्हाणपासून पनवेलपर्यंत कुणाचीही हळद असो, मटण आमच्या शेजारच्या आचाऱ्याच्याच हातचं लागतं. डावातला रस्सा तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि मान हलवायची, ही त्याची पद्धत. मान हलली की टोप उतरवायचा.

गेल्या वर्षी त्याला अटॅक आला. आळीतली पहिली ग्रॅज्युएट मी, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं पथ्य समजावायला त्याच्या बायकोनं मलाच बोलावलं. मीठ कमी, तेल कमी, मटण बंद, पालेभाज्या जास्त. सगळं ऐकून त्यानं विचारलं,

"बाय, कालेजात शिकलीस ना? मंग सांग, चाखल्याबिगर मीठ कसं कळंल?"

"दुसऱ्याला चाखायला द्या, काका."

"दुसऱ्याची जीभ माज्या तोंडात हाय का?"

तरी तो महिनोन्महिने घरची अळणी भाजी-भाकरी खात राहिला. चिडायचा, पण खायचा. मला बरं वाटायचं.

मग माझ्या भावाची हळद आली. आचाऱ्यानं रस्सा माझ्या तळहातावर घातला. मी म्हटलं, "थोडं कमी आहे." त्यानं मीठ टाकलं, पुन्हा चाखायला दिलं. "आता बरोबर." तरी त्यानं टोप उतरवला नाही. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "आचारी, आज जेवाया घालतोस का लग्नाच्या दिवशी?"

त्यानं डाव उचलला, रस्सा स्वतःच्या तळहातावर घेतला आणि चाटला. चिमूटभर मीठ टाकून मान हलवली.

"एक थेंब तर हाय," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

सांगून सांगून मी थकले होते. चुलीवर अजून तीन टोप होते.