मुक्याचं पान

हुडकेश्वरला आमच्या शेजारी एक काकू राहतात. मधुमेहानं त्यांची नजर गेली. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि माझ्या हातात घरातली जुनी पोथी दिली. "वाचून दाखव वं."

मी देव मानत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तरी म्हातारीचं मन मोडवेना, म्हणून वाचायला बसले. समोर त्यांची जन्मापासून बहिरी-मुकी मुलगी मेथी निवडत होती. तिचीही पन्नाशी जवळ आलेली.

कुठल्या पापाला कोणतं दुःख, याची यादी सुरू झाली. आंधळे, कोड फुटलेले, निपुत्रिक. वाचता वाचता मुक्यांवर आले आणि थांबले. मुलगी माझ्याकडे बघून हसली.

"काहून थांबली? मुक्याचं आलं ना?" काकू म्हणाल्या. "पाप कोणाचं लिहिलं आहे?"

"मागच्या जन्मी त्यानं स्वतः केलेलं."

"अन् आईचं?"

मी ते पान दोनदा वाचलं. मागचं, पुढचंही पाहिलं. "आईचा कुठे उल्लेखच नाही, काकू."

तेव्हा काकूंनी सांगितलं. त्यांचे सासरे दरवर्षी हे पान मोठ्यानं वाचायचे आणि दरवर्षी म्हणायचे, 'आईच्या पापानं लेकरू मुकं होते.' काकूंना अक्षरओळख नव्हती. सासऱ्यांनी पदरचं घातलं असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मलाही धक्का बसला. पोथीचा राग होताच, पण ही भर माणसानं घातली होती, तीही घरातल्याच.

त्यांना हायसं वाटेल, असं मला वाटलं. त्या मात्र मुलीच्या दिशेनं हात चाचपत म्हणाल्या, "मंग तर हिच्यावरच आलं सारं. माझं पाप होतं, तेच बरं होतं."

मी पोथी बाजूला ठेवली. "काकू, ही पोटात होती तेव्हा तुम्हाला ताप आला होता? अंगावर पुरळ?"

"तिसऱ्या महिन्यात. दोन-तीन दिवसच होता."

तशा तापानं पोटातल्या बाळाचे कान जाऊ शकतात, हे मी सांगितलं. ऐकू न आल्यानं बोलणंही येत नाही. आज खात्रीनं सांगता येणार नाही, पण पाप कोणाचंच नाही. ना तुमचं, ना तिचं.

"ताप?"

"हो. ताप."

काकू एकदम ओरडल्याच, "हे सांगायले इतकी वर्षं कोणालेच काहून नाही सुचलं वं?"

मी पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी राहत होते.