फेस लुएलाच्या साबणाचा नव्हे

डेल्फीन कुबियाकने तेवीस वर्षे विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावाचे सांडपाणी सांभाळले आणि त्याची लाज कधी बाळगली नाही. "तुम्ही फ्लशची दांडी दाबता आणि विसरता. मी विसरत नाही," असे ती कुणालाही तोंडावर सांगे. तेल मोरीत ओतणाऱ्यांना तर ती भर बाजारात झापायची. शुक्रवारी मात्र सांडपाण्याचा प्लँट विसरून ती चर्चच्या तळघरात गावासाठी मासे तळायची.

त्या जूनमध्ये प्लँटच्या टाकीवर फेस आला. आला कसला, उतू गेला! सकाळी वीतभर, दुपारी कठड्यापर्यंत, संध्याकाळी पायवाटेवर. तपकिरी, जाड, चमच्याने खावा असा. एक बदक त्यावरून ऐटीत चालत गेले. साहेबांची, म्हणजे ऑर्विल स्टँगलची टोपी त्यात पडली आणि तरंगत पलीकडे पोचली. डेल्फीन हसून हसून कठड्याला टेकली.

"हसतेस काय, डेल? तुझ्या नणंदेच्या लाँड्रीचा साबण आहे हा! सोमवारी गावसभेत तिची गटाराची जोडणी तोडायला सांगणार आहे मी."

डेल्फीनचे हसू विरले. स्वतःचा नवरा गेल्यावर या नणंदेने, लुएलाने, लाँड्रीतल्या सोळा यंत्रांवर दोन मुली वाढवल्या होत्या. जोडणी गेली की लाँड्री गेली.

"अरे, साबणाचा फेस पांढरा असतो, फुंकरीने फुटतो. याच्यावर बदक चालतंय!"

"मग आहे तरी काय हे?"

"जिवंत आहे काहीतरी."

तिने थेंबभर फेस काचेवर घेतला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फांद्या फुटलेले जांभळे धागेच धागे! नोकार्डिया. या जिवाणूचे अंग मेणचट. हवेचा बुडबुडा दिसला की त्याला बिलगतो, वर येतो आणि फुटू देत नाही. वाढतो सावकाश, म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: जुना गाळ आणि भरपूर चरबी. गाळ तर डेल्फीननेच लोणच्यासारखा मुरवला होता. वेळच्या वेळी काढून टाकायचा तिला कंटाळा. पण चरबी?

रविवारी ती लुएलाला घेऊन गटारांची झाकणे उघडत निघाली. लाँड्रीखालचे गटार लख्ख. चर्चखालचे उघडले, तर आत पांढरा थर, हाताएवढा जाड.

"डेल," लुएला नाक दाबून म्हणाली, "शुक्रवारी तळणीतलं तेल कुठं टाकतेस गं?"

डेल्फीनने झाकण परत सरकवले. वास येतो म्हणून मार्चमध्ये तिनेच तेल अडवणारी पेटी काढून नळी सरळ गटाराला जोडली होती. तेल मोरीत, वर कढत पाणी ओतायचे, की झाले.

"बोल की! गावाला शहाणपण शिकवणारी तू!"

"बोलते. पण उद्या. सगळ्यांदेखत."

सोमवारी तिने सभेत दोन बरण्या नेल्या. साबणाच्या फेसावर फुंकर मारली, तो संपला. टाकीतल्या फेसाची दुसरी बरणी ऑर्विलच्या डोक्यावर उलटी धरली. तो खुर्चीसकट मागे सरकला, पण फेस काही पडेना. सभा खदखदून हसली.

"मग चरबी टाकली कुणी?" ऑर्विल खेकसला.

"मी."

मग मागून एक म्हातारा ओरडला, "म्हणजे शुक्रवारचे मासे बंद?"

असा गोंधळ माजला की विचारू नका! मासे चालू ठेवायचे, पेटी पुन्हा बसवायची, लुएलाला हात लावायचा नाही, सगळे एका दमात ठरले. फेस काढायचे काम डेल्फीन आणि ऑर्विलच्या गळ्यात पडले. जुना गाळ उपसायचा, साय काढावी तसा फेस निपटून घ्यायचा आणि परत टाकीत जाऊ द्यायचा नाही.

पहिल्याच दिवशी ऑर्विलने फेसावरून घसरून टाकीकाठी लोटांगण घातले. नखशिखान्त तपकिरी झालेला तो कपडे धुवायला जाणार कुठे? गावात लाँड्री एकच.

लुएलाने दार सताड उघडले. "या साहेब, या! साबण किती घालू?"