बोंबलाच्या पोटात काय असतं

गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने लोटले होते, तेव्हा मी मराठी विषय घेऊन एम.ए. करत होते. चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत बाबा दिवसभर घरी असायचे. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, कामाला होते आणि घरी बसायची त्यांना सवय नव्हती. उगाच माठ धुवायचे, खिडकीची कडी दुरुस्त करायचे, ती पुन्हा मोडायची, पुन्हा दुरुस्त करायचे. आई दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला जायला लागली होती. मी दुपारी अभ्यासाला दादरच्याच एका अभ्यासिकेत जाऊन बसायचे.

तिथेच एका दुपारी माझ्या शेजारच्या मुलीच्या पिशवीतून इतका उग्र वास यायला लागला की डोळ्यांत पाणी आलं. समोर बसलेल्या मुलाने नाक दाबून विचारलं, "तुमच्या पिशवीत काय आहे हो?"

"बोंबील," ती म्हणाली. आणि खरंच बरणी काढून टेबलावर ठेवली. औषधी पाण्यात बुडवलेले पांढरेफटक बोंबील, तोंडं वासून आमच्याकडे बघत होते.

"यांचं काय करता?"

"पोट फाडून बघते. काय खाल्लंय ते."

"आमच्याकडे उलट असतं," मी म्हटलं. "आमच्या पोटात बोंबील असतो."

ती इतक्या मोठ्याने हसली की राखणदाराने तिघांनाही बाहेर काढलं. माझी आणि त्या मुलाची चूक काहीच नव्हती, पण जिन्यात बसून आम्ही बोलत राहिलो ते अंधार पडेपर्यंत.

ती वरळी कोळीवाड्यातली. आई दादरच्या बाजारात मासळी विकायची आणि ही प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. मुलगा गिरगावातला, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. तो संख्याशास्त्र शिकत होता आणि परळच्या इस्पितळांजवळच्या बसथांब्यावर रांगा मोजत होता. माणूस किती वेळ उभा राहतो, कंटाळून कधी निघून जातो, हा त्याचा विषय. मी गिरणीतले शब्द गोळा करत होते. धोटा, कांडी, बदली असे, जे शब्दकोशात एका अर्थाने असतात आणि आमच्या चाळीत दुसऱ्याच. धोटा मागावर सुताची कांडी इकडून तिकडे नेतो, आणि बदली म्हणजे आमच्याकडे गैरहजर माणसाच्या जागी लागणारा कामगार.

"म्हणजे आपल्यापैकी कोणालाच नोकरी लागणार नाही," गिरगावकर म्हणाला. त्याला आम्ही पुढे रांगवालाच म्हणायला लागलो. तिचं बोंबीलवाली हे नाव तिने स्वतःच ठेवलं.

अभ्यासिकेत बोलायची सोय नव्हती, म्हणून दर शनिवारी आमच्या खोलीत जमायचं ठरलं. नियम एकच. त्या आठवड्यात काय केलं ते सांगायचं, आणि असं सांगायचं की बाकीच्या दोघांना कळलं पाहिजे. पुस्तकी शब्द आला की समोरच्याने हात वर करायचा. पहिल्या शनिवारी रांगवाला बोलत असताना आमचे हात खाली आलेच नाहीत. शेवटी वैतागून त्याने आईच्या डब्यातले तांदूळ जमिनीवर ओतले आणि एकेक दाणा रांगेत उभा करून बस कशी येते ते दाखवलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

बाबा आधी गॅलरीत बसायचे. मग उंबरठ्यात. महिन्याभरात ते भिंतीला टेकून आमच्यातच बसायला लागले. रांगवाल्यामुळे त्यांची चांगलीच करमणूक व्हायची. थांब्यावर तो पाटी-पेन्सिल घेऊन उभा राहायचा, त्यामुळे लोकांना तो बसचा माणूस वाटायचा आणि सगळे आपापल्या तक्रारी त्याच्याकडे करायचे. एका आजीबाईंनी तर त्याला हाताला धरून बसमध्ये चढवलं आणि कंडक्टरला जाब विचारायला लावला.

"पण विचारतोस तरी काय त्यांना?" मी म्हटलं.

"आपण किती काळ प्रतीक्षा करीत आहात?"

बोंबीलवाली गडबडा लोळायची बाकी राहिली. मी त्याचे सगळे प्रश्न घेतले आणि माणसांच्या भाषेत लिहून दिले. 'कधीपासून उभे आहात?' एवढंच. पुढच्या शनिवारी तो आला तो खुशीत. लोक म्हणे आता हसत नव्हते, उत्तरं देत होते.

त्यानेही उपकार फेडले. बोंबीलवालीला एके दिवशी त्याने विचारलं, "तू मासे आणतेस कुठून?"

"आयच्या टोपलीतून. बाजार उठला की उरतात ते."

"म्हणजे बारके आणि कोणी न घेतलेले."

"हो. मग?"

"मग तुला फक्त बारक्या बोंबलांच्या पोटातलं कळतंय. मोठे तर गिऱ्हाइकाच्या पोटात गेले."

तिने वही उघडून आतापर्यंतच्या बोंबलांची मापं पुन्हा पाहिली. जन्मात ज्याने मासा तोंडाला लावला नव्हता, त्याने तिला मासळी निवडायला शिकवावं! आईशी भांडून तिने मोठे बोंबील मिळवायला सुरुवात केली, आणि दोनतीन शनिवारांनी जिन्यावरूनच ओरडत आली. बारक्यांच्या पोटात जवळाच, ती बारीक कोळंबी, सापडायचा. मोठ्यांच्या पोटात जवळ्याबरोबर बारके बोंबील निघाले होते.

बाबा सरसावून बसले. "म्हणजे बोंबील बोंबलाक खाता?"

"खातो, काका."

"आपलीच पोरां खाता, की दुसऱ्याची?"

आम्ही हसलो, पण ती हसली नाही. "ते माहीत नाही," म्हणाली. "पोरांना बापाचं नाव विचारायची सोय नाही ना."

माझ्या शब्दांची गंमत वेगळीच झाली. बाबा मला रोज शब्द सांगायचे. संध्याकाळी घरी आले की चहाबरोबर एखादा नवा शब्द तयार असायचा. एकदा त्यांनी 'फुसकुंडी' सांगितला. साच्याखाली कापसाची भुरभुर साठून जी गोळी होते ती. मला तो इतका आवडला की मी लगेच रांगवाल्याला ऐकवला. त्याने नेहमीप्रमाणे खोडा घातला. प्रत्येक शब्द निरनिराळ्या गिरण्यांतल्या माणसांना वेगवेगळं गाठून विचार, म्हणाला. संपामुळे माणसं घरीच होती. मी चाळीचाळींतून फिरले. धोटा सगळ्यांना माहीत, कांडी सगळ्यांना माहीत. फुसकुंडी कोणालाच नाही. बाबांच्याच खात्यातल्या, त्यांच्या शेजारच्या साच्यावरच्या काकांनाही नाही.

शनिवारी मी बाबांना सगळ्यांसमोरच विचारलं. त्यांनी खिडकीची कडी उगाच एकदा लावली, काढली. मग म्हणाले, "माका वाटला, तुका शब्द कमी पडतत."

आठवतील तेवढे शब्द संपले होते. पण संध्याकाळी मी वही उघडून बसले की त्यांना बरं वाटायचं, म्हणून त्यांनी एक रचला. मला हसावं की रडावं कळेना. रांगवाला मात्र गंभीरपणे म्हणाला, "काका, शब्द चांगला आहे. किती माणसांनी वापरला की शब्द खरा होतो, सांग गं तू, हा तुझा विषय."

त्या दिवसापासून आम्ही तिघे कपड्यावरच्या, चादरीखालच्या, कोपऱ्यातल्या प्रत्येक गोळीला फुसकुंडी म्हणायला लागलो. आई केर काढताना म्हणायला लागली. मग शेजारच्या काकू. प्रकल्पात मी तो घातला नाही, पण चाळीत तो बरीच वर्षं चालला.

त्या वर्षाअखेरीस विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आपापलं संशोधन मांडायचा एक कार्यक्रम ठरला. आमच्यापैकी फक्त बोंबीलवालीची निवड झाली. आम्हाला तिचाच अभिमान. आदल्या दिवशी तिच्या भावाची हळद होती. कोळीवाड्यातली हळद म्हणजे गाणी, आणि गाण्यात ही सगळ्यांच्या पुढे. सकाळी ती विद्यापीठाच्या दारात आम्हाला भेटली तेव्हा तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. हळदीने पिवळे झालेले हात जोडून ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "मी मराठीची आहे."

तिने तिचे कागद माझ्या हातात कोंबले.

"तुला सगळं येतं," रांगवाला म्हणाला. "तू दर शनिवारी ऐकलंयस. मी तक्ते धरतो."

अध्यक्षबाईंनी परवानगी दिली, बहुधा दया येऊन. मी उभी राहिले. कागदावरचं इंग्रजी वाचायला लागले तर शब्दाशब्दाला अडखळायला लागले. मग कागद खाली ठेवले आणि बाबांना सांगावं तसं सांगायला लागले. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, आत गेलेलं बाहेर येत नाही. बारका काय खातो, मोठा काय खातो. आधी फक्त उरलेले मासे कसे घेतले आणि ते कसं चुकलं. रांगवाला तक्ते बदलत होता, घाईत एकदा उलटाही धरला. बोंबीलवाली फळ्यावर भराभर चित्रं काढत होती. मी चुकले की खडू आपटायची.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं, "हे मासे आपलीच पिल्लं खातात की दुसऱ्यांची?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसू आवरणं फार अवघड गेलं.

"सर, ते आम्हाला माहीत नाही," मी म्हटलं. "हा प्रश्न आम्हाला आधीही विचारला गेलाय. पिल्लांना बापाचं नाव विचारायची अजून सोय झालेली नाही."

सभागृह हसलं. तेही हसले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही प्राणिशास्त्राच्या कोणत्या वर्षाला?"

"मी मराठी विभागाची, सर. आणि तक्तेवाले संख्याशास्त्राचे. बोंबील त्यांचे." मी फळ्याकडे बोट दाखवलं. बोंबीलवालीने हळदीचा हात वर केला.

बक्षीस काही मिळालं नाही. पण त्या प्राध्यापकांनी तिला बोलावून घेतलं आणि पुढे तिने त्यांच्याच हाताखाली संशोधन केलं. रांगवाल्याला बँकेत नोकरी लागली. मी कॉलेजात शिकवायला लागले. बाबांची गिरणी काही उघडली नाही. उघडेल उघडेल म्हणत त्यांनी बरेच दिवस काढले. मग चिंचपोकळीतल्याच एका छोट्या कारखान्यात ते लागले, पण तिथे शनिवारची दुपार मोकळी मिळेल ना, हे आधी विचारून घेतलं.

कार्यक्रमानंतरच्या शनिवारी बोंबीलवालीचा आवाज परत आला होता. येताना तिने आईने तळलेले बोंबील डब्यात आणले होते. डबा उघडायच्याही आधी तिने माझ्या चुका सांगायला सुरुवात केली. जठर म्हणायचं तिथे मी सारखं पोट म्हणत होते. वरचा जबडा म्हणून खालचा दाखवला. ती बोलत होती, थांबत नव्हती.

"गे बाये," बाबा डब्याकडे हात नेत म्हणाले, "तुझो आवाज गेललो तोच बरो होतो."

ती त्यांच्याकडे बघून हसली आणि पुन्हा जबड्यापासून सुरुवात केली. रांगवाला डब्यात वाकून बघत होता. "एकच," तो म्हणाला, "आणि घरी कोणाला सांगायचं नाही."